आंदालुसिया

आंदालुसिया हा स्पेन देशाच्या दक्षिण टोकाचा स्वायत्त संघ आहे. सुमारे ८५ लाख लोकवस्तीमुळे तो स्पेनमधील सर्वाधिक लोकसंख्येचा संघ ठरतो. सुमारे ८७,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या दृष्टीने त्याचा क्रमांक कास्तिया व लेओनच्या खालोखाल दुसरा लागतो. आल्मेरिया, उएल्वा, कादिस, कोर्दोबा, ग्रानादा, मालागा, सेव्हिया आणि हाएन असे त्याचे आठ प्रांत असून सेव्हिया (इंग्रजी वळणाने सेव्हिल) ही राजधानी आहे. फ्लामेंको, बैलाशी झुंज, चुन्याने रंगवलेली पांढरी गावे, ऑलिव्हच्या बागा अशा ज्या गोष्टींवरून परक्या माणसाच्या मनात स्पेनचे चित्र उभे राहते, त्यांतील बहुतेक या एका प्रदेशाच्या आहेत. उत्तरेकडील गालिसिया किंवा बास्क प्रदेशातील माणसाला ते चित्र आपले वाटत नाही.

इ.स. ७११ ते १४९२ या काळात आंदालुसियाचा कमीअधिक भाग मुस्लिम राज्यकर्त्यांच्या अमलाखाली होता. त्या काळातील कित्येक प्रमुख वास्तू नंतरच्या ख्रिस्ती विजेत्यांनी पाडल्या नाहीत. त्यांनी त्या ताब्यात घेतल्या, बदलल्या आणि वापरात ठेवल्या. ज्या समाजाने त्या बांधल्या, त्याला मात्र पुढे देशाबाहेर घालवण्यात आले. आज प्रवासी ज्या वास्तू पाहण्यासाठी येथे येतात, त्यांचा इतिहास या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय समजत नाही.

नाव आणि भूगोल

'आंदालुसिया' हे नाव 'अल-अंदलुस' या अरबी नावापासून आले आहे. अल-अंदलुसच्या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वांडाल या जर्मानिक टोळीशी त्याचा संबंध जोडणारे जुने मत आज सर्वमान्य राहिलेले नाही. मध्ययुगीन ग्रंथांत अल-अंदलुस म्हणजे इबेरियन द्वीपकल्पाचा मुस्लिम अमलाखालील सर्व प्रदेश होय. आजचा आंदालुसिया हा त्याचा केवळ दक्षिणेकडील भाग आहे. दोन्ही नावांची गल्लत वारंवार होते.

उत्तरेस सिएरा मोरेना, दक्षिणेस बेतिक पर्वतरांगा आणि दोहोंच्या मध्ये ग्वादालकिविर नदीचे सुपीक खोरे अशी प्रदेशाची ढोबळ रचना आहे. ग्वादालकिविर हे 'अल-वादी अल-कबीर' म्हणजे 'मोठी नदी' या अरबी नावाचे स्पॅनिश रूप आहे. ६५७ किलोमीटर लांबीची ही नदी कोर्दोबा आणि सेव्हिया या शहरांतून वाहत अटलांटिक महासागरास मिळते. समुद्रापासून बरेच आत असलेल्या सेव्हियापर्यंत जहाजे येऊ शकतात, आणि या एका गोष्टीने त्या शहराचे भवितव्य ठरवले. आग्नेयेकडील सिएरा नेवादा रांगेतील मुलासेन (सुमारे ३,४८० मीटर) हे इबेरियन द्वीपकल्पातील सर्वोच्च शिखर आहे. तेथून फार दूर नसलेल्या आल्मेरिया प्रांतात ताबेर्नासचा रखरखीत मुलूख लागतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील भागात घडणारे अनेक काऊबॉयपट प्रत्यक्षात तेथे चित्रित झाले आहेत.

इतिहास

कादिस हे शहर फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवले. रोमन काळात हा भाग बेतिका प्रांत म्हणून ओळखला जाई. तत्त्वज्ञ सेनेका कोर्दोबाचा, तर सम्राट त्राजान सेव्हियाजवळच्या इतालिकाचा. रोमनांनंतर येथे व्हिसिगॉथांचे राज्य आले.

इ.स. ७११ मध्ये तारिक इब्न झियाद याच्या नेतृत्वाखालील सैन्याने उत्तर आफ्रिकेतून सामुद्रधुनी ओलांडली. तो ज्या खडकापाशी उतरला त्याचे 'जबल तारिक' हे नाव पुढे जिब्राल्टर झाले. दमास्कसमधील उमय्यद घराण्याचा उच्छेद झाल्यावर त्यातून निसटलेला राजपुत्र अब्द अल-रहमान पहिला याने ७५६ मध्ये कोर्दोबा येथे स्वतंत्र अमिरात स्थापन केली. त्याचा वंशज अब्द अल-रहमान तिसरा याने ९२९ मध्ये स्वतःला खलिफा घोषित केले. १०३१ मध्ये ही खिलाफत मोडली आणि तिच्या जागी छोटी राज्ये उभी राहिली. त्यांच्या आपसांतील भांडणांत प्रथम अल्मोराविद व नंतर अल्मोहाद या उत्तर आफ्रिकी सत्तांनी हात घातला. १२१२ च्या लास नावास दे तोलोसाच्या लढाईत अल्मोहादांचा पराभव झाला. त्यानंतर कास्तियाचा राजा फेर्नांदो तिसरा याने १२३६ मध्ये कोर्दोबा आणि १२४८ मध्ये सेव्हिया जिंकून घेतले. ग्रानादाचे नासरी राज्य कास्तियाला खंडणी देत आणखी अडीच शतके तगले. २ जानेवारी १४९२ रोजी त्याचा शेवटचा सुलतान मुहम्मद बारावा (स्पॅनिश आख्यायिकांतील बोआब्दिल) याने शहराचा ताबा राणी इसाबेल व राजा फेर्नांदो यांना दिला.

कोर्दोबाची मशीद-कॅथेड्रल

या वास्तूचे बांधकाम अब्द अल-रहमान पहिला याने ७८० च्या दशकात सुरू केले आणि पुढील दोन शतकांत ती तीन वेळा वाढवण्यात आली. सुरुवातीच्या भागासाठी रोमन व व्हिसिगॉथिक इमारतींचे जुने खांब वापरण्यात आले. हे खांब फारसे उंच नव्हते. एवढ्या मोठ्या दालनावर ठेंगणे छत आले असते तर आतील जागा कोंदट झाली असती. म्हणून प्रत्येक खांबावर आणखी एक दगडी स्तंभ उभारून कमानींचे दोन थर रचले गेले: खालची कमान मोकळी, वरची छत पेलणारी. लाल वीट आणि पांढरा दगड आळीपाळीने बसवल्यामुळे या कमानींना पट्टे आले. जुन्या मालाच्या अडचणीतून निघालेली ही तोड पुढे या वास्तूची ओळख बनली. आज येथे साडेआठशेच्या आसपास खांब आहेत. अल-हकम दुसरा याने दहाव्या शतकात उभारलेल्या मिहराबच्या सजावटीसाठी बायझंटाईन सम्राटाकडून कारागीर आणि काचेचे सोनेरी तुकडे मागवण्यात आले होते, असे अरबी इतिहासकार सांगतात.

१२३६ मध्ये मशिदीचे चर्च झाले. पहिली जवळपास तीन शतके हा बदल मर्यादित होता. कडेने प्रार्थनामंदिरे उभी राहिली, काही भाग मोकळा केला गेला, परंतु दालन बहुतांशी तसेच राहिले. १५२३ मध्ये बिशप आलोन्सो मान्रिके याने मध्यभागीचे खांब काढून तेथे नवे भव्य कॅथेड्रल बांधण्याचे ठरवले. कोर्दोबाच्या नगरपरिषदेने त्यास कडाडून विरोध केला आणि पाडकामास हात लावणाऱ्या कामगारांना देहान्ताची शिक्षा देण्याची धमकी दिली. हे नगरपरिषदेचे सभासद ख्रिस्तीच होते. तीन शतके वापरलेली ही वास्तू तोवर त्यांचीही झाली होती. वाद सम्राट कार्लोस पाचवा याच्यापुढे गेला आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. नंतर प्रत्यक्ष काम पाहून त्याला पश्चात्ताप झाला, अशी आख्यायिका आहे. बांधकाम १६०७ पर्यंत चालले. कमानींच्या ठेंगण्या, सावलीच्या रानातून चालत असताना एकाएकी उंच, उजेडाने भरलेले रेनेसाँस दालन समोर येते. त्याला विद्रूपीकरण म्हणावे की त्यामुळेच उरलेली मशीद वाचली असे म्हणावे, यावर कलेतिहासकारांत मतभेद आहेत. धार्मिक वापर चालू राहिल्याने इमारतीची देखभाल होत राहिली, हे मात्र नाकारता येत नाही.

युनेस्कोने १९८४ मध्ये तिचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला आणि १९९४ मध्ये आसपासचे जुने शहरही त्यात घेतले. २००६ मध्ये स्थानिक धर्मप्रांताने इमारतीची मालकी नोंदणी कार्यालयात आपल्या नावे नोंदवली. ही वास्तू सार्वजनिक मालकीची असावी असे मानणाऱ्या नागरिकांच्या गटांनी त्यास आक्षेप घेतला आहे. आत मुस्लिमांना नमाज पढण्याची परवानगी नाही.

शहरातील यहुदी मोहल्ल्यात १३१५ मध्ये बांधलेले छोटे सिनेगॉग आहे. मध्ययुगातील जी मोजकी सिनेगॉग स्पेनमध्ये टिकून आहेत, त्यांपैकी आंदालुसियातील हे एक. तत्त्वज्ञ इब्न रुश्द (जन्म ११२६) आणि यहुदी धर्मशास्त्रज्ञ व वैद्य मायमोनिडीस हे दोघेही कोर्दोबाचे. दोघांनाही अल्मोहाद काळात छळ सोसावा लागला: मायमोनिडीसच्या कुटुंबाला शहर सोडावे लागले आणि इब्न रुश्दला उतारवयात काही काळ हद्दपारी भोगावी लागली. मुस्लिम अमलातील सहजीवनाचे जे गोड चित्र पर्यटन पुस्तिकांत रंगवले जाते, त्यात ही बाजू सहसा येत नाही. शहराबाहेर अब्द अल-रहमान तिसरा याने वसवलेल्या मदिनात अल-झहरा या राजनगरीचे अवशेष आहेत. जेमतेम पाऊण शतक नांदून अकराव्या शतकाच्या प्रारंभी यादवी युद्धात ती उद्ध्वस्त झाली. उत्खनन १९११ पासून सुरू असून नगरीचा बराच मोठा भाग अद्याप मातीखाली आहे. २०१८ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

ग्रानादा आणि अल्हाम्ब्रा

अल्हाम्ब्रा या नावाचा अर्थ 'तांबडी'. ग्रानादाच्या साबिका टेकडीवर १२३८ पासून नासरी घराण्याने उभारलेली ही तटबंदीची राजनगरी आहे. तिचे सर्वांत प्रसिद्ध भाग, म्हणजे कोमारेस महाल आणि सिंहांचे अंगण, चौदाव्या शतकात युसुफ पहिला व त्याचा मुलगा मुहम्मद पाचवा यांच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. बाहेरून हे महाल साधे दिसतात आणि सारा डौल आत, अंगणाकडे वळलेला असतो. भिंतींच्या खालच्या भागात रंगीत फरशांची भौमितिक रचना, वर गिलाव्यात कोरलेली नक्षी आणि अरबी लेख, त्यावर लाकडी किंवा मधाच्या पोळ्यासारखे छत अशी मांडणी सर्वत्र आढळते. 'ईश्वरावाचून विजयी कोणी नाही' या अर्थाचे नासरी ब्रीदवाक्य भिंतींवर असंख्य वेळा कोरलेले आहे. इब्न झम्रक या दरबारी कवीच्या रचनाही येथे असून त्यांतील काहींत इमारतीचा भाग प्रथमपुरुषी एकवचनात स्वतःविषयी बोलतो. सिंहांच्या कारंज्याच्या काठावरही त्याच्या ओळी आहेत.

अल्हाम्ब्रा उभी राहू शकली ती पाण्यामुळे. कोरड्या टेकडीवर वस्ती करण्यासाठी दार्रो नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवून सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या पाटाने आणण्यात आले. 'राजाचा पाट' म्हणून ओळखला जाणारा हा कालवा केवळ उताराच्या बळावर वाहतो. तो प्रथम हेनेरालिफे या उन्हाळी महालाच्या बागांना पाणी देतो आणि मग तटाच्या आत शिरतो. बारा संगमरवरी सिंहांच्या तोंडून पडणारे पाणी आणि कोमारेसच्या हौदात उमटणारे बुरुजाचे प्रतिबिंब ही त्याचीच देणगी. स्पॅनिशमध्ये अशा पाटाला 'आसेकिया' म्हणतात आणि हा शब्द अरबी 'साकिया'वरून आला आहे. सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरील आल्पुहारा भागात असे पाट आजही वापरात आहेत. त्यांतील काही एका वेगळ्या कामासाठी आहेत: वसंतात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी डोंगरावरच मुद्दाम जमिनीत मुरवले जाते आणि ते उन्हाळ्यात खालच्या गावांजवळ झऱ्यांच्या रूपाने वर येते. वापराविना बुजलेले पाट पुन्हा मोकळे करण्याचे काम ग्रानादा विद्यापीठातील संशोधक आणि स्वयंसेवक गेली काही वर्षे गावकऱ्यांच्या साहाय्याने करत आहेत.

१४९२ नंतर इसाबेल व फेर्नांदो यांनी महालांची डागडुजी करवली. त्यांचा नातू कार्लोस पाचवा याने १५२७ मध्ये महालांना चिकटून स्वतःचा रेनेसाँस राजवाडा बांधायला घेतला. पेद्रो माचुका याने आखलेल्या या चौकोनी राजवाड्यात वर्तुळाकार अंगण आहे. त्याचे छत विसाव्या शतकापर्यंत पुरे झाले नव्हते. अठराव्या शतकापासून अल्हाम्ब्रा ओस पडत गेली. १८१२ मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंच सैन्याने तिचे काही बुरुज सुरुंगाने उडवले. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंग १८२९ मध्ये येथे राहिला, तेव्हा महालात गोरगरीब कुटुंबे वस्तीला होती. १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकामुळे युरोप-अमेरिकेतील वाचकांचे लक्ष इकडे वळले. १८७० मध्ये अल्हाम्ब्रा राष्ट्रीय स्मारक झाली आणि १९८४ मध्ये जागतिक वारसा स्थळ. समोरच्या टेकडीवरील अल्बाइसिन या जुन्या वस्तीचा त्यात १९९४ मध्ये समावेश झाला.

मोरिस्कोंची हकालपट्टी

ग्रानादाच्या शरणागतीचा करार नोव्हेंबर १४९१ मध्ये झाला होता. मुस्लिम रहिवाशांना धर्म, मशिदी, कायदा आणि मालमत्ता राखता येईल, असे वचन त्यात होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. यहुद्यांच्या हकालपट्टीचा आदेश तर ३१ मार्च १४९२ रोजी, शहराचा ताबा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, अल्हाम्ब्रातूनच काढण्यात आला. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस ग्रानादात आला आणि सक्तीचे धर्मांतर सुरू झाले. अरबी ग्रंथ गोळा करून शहरात जाळण्यात आले. धर्मांतरित मुस्लिमांना 'मोरिस्को' म्हणत. १५६७ च्या फर्मानाने त्यांची अरबी भाषा, वेश आणि सार्वजनिक स्नानगृहे यांवर बंदी घातली. पुढील वर्षी नाताळच्या सुमारास आल्पुहारात बंड उसळले. ते मोडून काढल्यावर ग्रानादाच्या मोरिस्कोंना कास्तियात विखरून टाकण्यात आले आणि १६०९ ते १६१४ या काळात संपूर्ण स्पेनमधून त्यांना घालवण्यात आले. बरेचसे मोरक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया येथे गेले. त्यांच्या वंशजांनी जपलेले अंदलुसी संगीत उत्तर आफ्रिकेत आजही गायले जाते. अल्बाइसिनमधील साल्वादोर चर्चच्या आवारात जुन्या मशिदीचे अंगण शिल्लक आहे. महालांपुढे रांगा लागलेल्या असताना येथे सहसा गर्दी नसते.

सेव्हिया

सेव्हियात याच इतिहासाचे वेगळे रूप दिसते. येथील हिराल्दा हा बुरुज म्हणजे अल्मोहादांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला मशिदीचा मनोरा. सोळाव्या शतकात त्यावर घंटाघर चढवण्यात आले आणि उंची १०० मीटरांच्या वर गेली. आत पायऱ्या नसून उताराचे ३५ टप्पे आहेत. शेजारची मशीद पाडून तेथे प्रचंड गॉथिक कॅथेड्रल उभारले गेले, पण तिचे नारिंगाच्या झाडांचे अंगण राहिले.

समोरचा आल्कासार राजवाडा अधिक विचार करायला लावतो. त्याचा मुख्य महाल मुस्लिम सुलतानाने नव्हे, तर पेद्रो पहिला या ख्रिस्ती राजाने १३६४ च्या सुमारास बांधवला. ग्रानादाचा मुहम्मद पाचवा हा त्याचा मित्र होता आणि बांधकामासाठी ग्रानादा व तोलेदो येथून कारागीर आले होते. महालाच्या दर्शनी भागावर कास्तियन राजाच्या नावाचा लेख आहे आणि त्याच्या मधोमध नासरींचे अरबी ब्रीदवाक्यही. मुस्लिम कारागिरीच्या वळणाने ख्रिस्ती आश्रयदात्यांसाठी घडवलेल्या या शैलीला 'मुदेहार' म्हणतात. दोन्ही बाजूंच्या राजांची अभिरुची एकच होती, एवढे या भिंतीवरून नक्की सांगता येते.

१५०३ मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचे नियंत्रण करणारे कार्यालय सेव्हियात स्थापन झाले. पुढील दोन शतके नव्या जगातील चांदी या नदीबंदरात उतरत राहिली. नदी गाळाने भरत गेल्याने १७१७ मध्ये ते कार्यालय कादिसला हलवले गेले. त्या साम्राज्याची कागदपत्रे १७८५ मध्ये स्थापन झालेल्या इंडीजच्या अभिलेखागारात ठेवलेली आहेत. वसाहतींच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना येथे यावेच लागते. होली वीकमधील मूर्तींच्या मिरवणुका आणि वसंतातील फेरिया हे शहराचे दोन मोठे उत्सव आहेत. फेरियाची सुरुवात १८४७ मध्ये जनावरांच्या बाजारातून झाली.

फ्लामेंको

गायन, गिटारवादन आणि नृत्य यांचा मेळ असलेली फ्लामेंको ही कला अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सेव्हिया, हेरेस आणि कादिस या पट्ट्यात आकाराला आली. तिच्या घडणीत हितानो म्हणजे स्पेनमधील रोमा समाजाचा वाटा फार मोठा आहे. रोमा लोकांचे पूर्वज भारतीय उपखंडातून पश्चिमेकडे गेले, हे भाषाशास्त्र व जनुकशास्त्र या दोन्हींनी दाखवून दिले आहे. त्यांच्या कालो बोलीत पाण्याला आजही 'पानी'च्या जवळचा शब्द आहे. यावरून फ्लामेंको कथकपासून निघाले असे सर्रास लिहिले जाते. पदन्यासातील साम्य लक्ष वेधून घेणारे असले, तरी असा थेट वारसा दाखवणारा पुरावा नाही आणि दोहोंमध्ये कित्येक शतकांचे अंतर आहे. स्पेनमध्ये या समाजाने सोसलेल्या छळाची नोंद मात्र पक्की आहे: १७४९ मध्ये राजाज्ञेने एकाच मोहिमेत हजारो हितानोंना अटक करून कुटुंबांची ताटातूट करण्यात आली.

एकोणिसाव्या शतकात गायनाचे कॅफे निघाले आणि फ्लामेंको घराच्या अंगणातून रंगमंचावर गेले. त्याचे मूळ गंभीर गायन लोपू नये म्हणून संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी १९२२ मध्ये अल्हाम्ब्राच्या आवारात स्पर्धा भरवली. लोर्काची १९३६ मध्ये, यादवी युद्धाच्या प्रारंभी, ग्रानादाजवळ हत्या झाली. त्याचे अवशेष अद्याप सापडलेले नाहीत. २०१० मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

अन्य स्थळे

रोंदा हे गाव खोल घळीच्या दोन काठांवर वसलेले असून १७९३ मध्ये पूर्ण झालेला सुमारे ९८ मीटर उंचीचा पूल दोन्ही भाग जोडतो. हाएन प्रांतातील उबेदा व बाएसा ही रेनेसाँस वास्तूंची गावे, तर अंतेकेरा येथे प्रागैतिहासिक महाशिला-दफने आहेत. मालागा हे चित्रकार पाब्लो पिकासोचे जन्मस्थान. उएल्वा प्रांताच्या बाजूस दोन्याना हे पाणथळ राष्ट्रीय उद्यान (१९६९) असून आफ्रिका-युरोप ये-जा करणारे पक्षी तेथे उतरतात. आसपासच्या स्ट्रॉबेरी शेतीसाठी होणाऱ्या भूजलाच्या उपशामुळे ते संकटात आहे आणि २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने याबाबत स्पेनला दोषी ठरवले. याच भागातील इबेरियन लिंक्स हे रानमांजर मात्र नामशेष होता होता वाचले. या शतकाच्या आरंभी ती शंभराच्या आसपास उरली होती, २०२३ च्या गणनेत पोर्तुगालसह दोन हजारांहून अधिक आढळली.

शब्द आणि खाद्यपदार्थ

मुस्लिम काळात ऊस, भात, नारिंग आणि अनेक भाज्यांची लागवड येथे रुजली आणि त्यांच्यासोबत शब्दही आले. साखरेला स्पॅनिशमध्ये 'आसुकार' म्हणतात. संस्कृत 'शर्करा' फारसी-अरबी मार्गाने तेथे पोहोचली आणि मराठीतील 'साखर' त्याच मुळाची. 'नारांहा' आणि 'नारिंग' यांचेही असेच नाते आहे. बुद्धिबळाचे 'आहेद्रेस' हे नाव 'चतुरंग'पासून, अरबी 'शतरंज'मार्गे आले आहे.

स्पेनच्या ऑलिव्ह तेलापैकी बहुतांश आंदालुसियात निघते आणि त्यातही हाएन प्रांत अग्रेसर आहे. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटून केलेले 'गास्पाचो' हे थंड सार उन्हाळ्यात रोज प्यायले जाते. कोर्दोबाचे 'साल्मोरेहो' त्याहून दाट असते. शाकाहारी व्यक्तीने साल्मोरेहो मागवताना विचारून घ्यावे, कारण त्यावर उकडलेल्या अंड्यासोबत डुकराच्या सुकवलेल्या मांसाचे तुकडे घालण्याची प्रथा आहे. शेरी ही मद्ये हेरेस परिसरातील आहेत.

पर्यटन

१९६० च्या दशकापासून मालागाच्या किनाऱ्यावर हॉटेलांची रांग उभी राहिली आणि कोळ्यांच्या वाड्यांचे रूप पालटले. १९९२ मध्ये माद्रिद-सेव्हिया हा स्पेनचा पहिला अतिजलद लोहमार्ग सुरू झाला. हा प्रवास सुमारे अडीच तासांचा आहे. अतिजलद सेवा २००७ मध्ये मालागास आणि २०१९ मध्ये ग्रानादास पोहोचली. पर्यटनावर लाखोंचा रोजगार अवलंबून आहे. त्याच वेळी जुन्या वस्त्यांतील घरे पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने दिली जाऊ लागल्यामुळे स्थानिकांना तेथे राहणे परवडेनासे झाले आहे. जून २०२४ मध्ये मालागात हजारो नागरिकांनी याविरुद्ध मोर्चा काढला.

मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ प्रवासास सोयीचा. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दोबा व सेव्हिया येथे पारा ४० अंशांवर जाणे नित्याचे आहे. मे महिन्यात कोर्दोबातील रहिवासी आपली फुलांनी सजवलेली घरगुती अंगणे लोकांसाठी खुली करतात आणि या उत्सवाची २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा लागतो. अल्हाम्ब्रातील नासरी महालांच्या तिकिटावर प्रवेशाची ठरावीक वेळ छापलेली असते. ती चुकल्यास महालांत सोडत नाहीत. हंगामात ही तिकिटे कित्येक दिवस आधीच संपतात. हेनेरालिफेच्या फाटकापासून महालांपर्यंत बरेच चालावे लागते, हे वेळ ठरवताना ध्यानात घ्यावे. दुपारचे जेवण येथे दोनच्या आधी आणि रात्रीचे नऊच्या आधी सहसा मिळत नाही.